भूवनस्पती

पाण्याबाहेर येऊन जमिनीवर स्थिरावलेल्या आणि आपला भ्रूण मातृवनस्पतीच्या शरीरातच पोसणाऱ्या हिरव्या वनस्पतींचा गट. शेवाळी, नेचे व त्यांचे संबंधी, सायकस-पाइनसारख्या प्रकटबीज वनस्पती आणि फुले धारण करणाऱ्या आवृतबीज वनस्पती यांचा त्यात समावेश होतो. गोड्या पाण्यातील हिरवी शैवले ही त्यांची पूर्वज असून, आज हयात असलेल्या शैवलांपैकी तळ्यात हिरव्या केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे स्पायरोगायरा ज्या गटात मोडते, तोच जनुकीय पुराव्यांनुसार भूवनस्पतींना सर्वांत जवळचा ठरला आहे. जमिनीवरील वनस्पतींच्या बीजाणूंचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. त्यांच्या चिवट भित्तिका कोरड्या हवेत आतील जीवद्रव्य सुरक्षित ठेवीत.

शैवल सर्वांगाने पाणी शोषते व पाण्यावरच तोलले जाते. जमिनीवर मात्र हवा शरीरातील पाणी अखंड ओढून घेते, म्हणून भूवनस्पतींनी क्युटिन व मेण यांचा पातळ थर, म्हणजे उपत्वचा, अंगावर धारण केला. परंतु पाणी अडविणारा हा थर प्रकाशसंश्लेषणाला (सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याच्या क्रियेला) लागणारा कार्बन डाय-ऑक्साइडही अडवितो, आणि त्या अडचणीतून पर्णरंध्रांचे महत्त्व ध्यानात येते. घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की बाहेरच्या बाजूस वाकतात व मधली फट उघडते. पाणी कमी पडताच त्या सैल पडून फट मिटते. तरीही हा सौदा महागच असतो, कारण कार्बन डाय-ऑक्साइडच्या एका रेणूमागे बहुतेक वनस्पती पाण्याचे शेकडो रेणू गमावतात. निवडुंगासारख्या वनस्पती म्हणूनच रंध्रे रात्री उघडून तो वायू आम्लाच्या रूपात साठवितात. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा ओसरतो, हे भारतात काम करणारे बेंजामिन हाइने यांनी चव घेऊन ओळखले आणि त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आरंभीच्या भूवनस्पतींचे सर्वांत बोलके दर्शन स्कॉटलंडमधील राइनी या गावाजवळच्या खडकात घडते. सुमारे ४० कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वी उष्ण झऱ्यांतील सिलिकायुक्त पाण्याने तेथील वनस्पती उभ्या असतानाच गोठविल्यासारख्या जतन केल्या. विल्यम मॅकी यांना १९१२ मध्ये हा खडक सापडला आणि किडस्टन व लँग यांनी १९१७ पासून त्यातील वनस्पतींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेक वनस्पतींना ना पाने होती, ना खरी मुळे. पण खोडावरची रंध्रे आजही सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, आणि काहींच्या पेशींत कवकांचे (बुरशीवर्गीय जीवांचे) झाडासारखे फाटे फुटलेले तंतू आढळतात. मुळे येण्यापूर्वीच मातीतील खनिजे मिळविण्यासाठी वनस्पतींनी कवकांशी भागीदारी केली होती, असा त्याचा अर्थ लावला जातो.

उंची गाठता आली ती प्रकाष्ठामुळे. प्रकाष्ठ म्हणजे पाणी वाहून नेणारे ऊतक. त्यातील नलिका बनणाऱ्या पेशी लिग्निन या कठीण द्रव्याने भित्ती भक्कम करतात आणि मग स्वतः मरून पोकळ होतात. पानांतून बाष्प उडते तेव्हा त्या नलिकांमधील पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो, हा विचार डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडला. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांपैकी सर्वांत उंच वृक्षाच्या शेंड्याला, म्हणजे ११५ मीटरांहून अधिक उंचीवर, पाणी पोहोचते ते याच ओढीने.

प्रजननात मात्र पाण्याचे बंधन फार काळ टिकून राहिले. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर दाटून येणारी हिरवी मखमल ही बहुधा हरिता वर्गातील शेवाळी असते. तिची पुं-जननपेशी दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या तंतूंच्या) साहाय्याने पोहत अंडपेशीकडे जाते आणि त्यासाठी ओलाव्याचा अखंड पापुद्रा लागतो. फलनानंतर अंडपेशीपासून बीजाणू निर्माण करणारी दुसरी पिढी वाढते. दोन पिढ्यांची ही आलटापालट शेवाळीपासून प्रकटबीज वनस्पतींपर्यंत एकाच सूत्राने चालते, हे हॉफमायस्टर यांनी १८५१ मध्ये दाखविले. शेवाळीत पहिली पिढी ठळक असते. नेच्यात ती काही मिलिमीटरांच्या हृदयाकृती पापुद्र्यापुरती उरते, आणि बीजधारी वनस्पतींत परागकणात व बीजकात सामावते. तरी गिंको वृक्षात परागनलिकेतून सुटलेली पुं-जननपेशी अजूनही पोहते, असे हिरासे यांना १८९६ मध्ये टोकियोत आढळले. सायकसमध्येही तसेच घडते. पाइन व फुलझाडांत परागनलिकाच पुं-जननपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचविते.

काही फुलझाडे पुढे पुन्हा पाण्यात गेली. कमळाच्या तरंगत्या पानाची रंध्रे वरच्या पृष्ठभागावर असतात, तर पूर्णपणे बुडून राहणाऱ्या व्हॅलिस्नेरियाच्या पानांना रंध्रेच नसतात. मात्र तिची इवली नरफुले देठापासून सुटून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत मादीफुलापर्यंत जातात, आणि त्यांतील परागकण या प्रवासात कोरडेच राहतात.