उकिरड्याची दुर्गंधी आणि जिवाणूंची कामगिरी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थसारख्या गावांत जनावरे सांभाळणाऱ्या घराला उकिरडा असतोच. पावसाळ्यात तो भिजला, की त्याची दुर्गंधी उंबरठ्यापर्यंत पोचते. या दुर्गंधीवर जिवाणूंचा उपाय सांगितला जातो. तो खराही आहे. मात्र दुर्गंधी निर्माण करणारेही जिवाणूच असतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

ताज्या शेणाला फारसा उग्र वास नसतो. मूत्रातील युरिया शेणातील जिवाणूंच्या युरिएज या विकराच्या संपर्कात आला, की काही तासांतच त्याचे विघटन होऊन अमोनिया वायू मुक्त होतो. कोंदट गोठ्यात डोळे चुरचुरतात ते यामुळेच. ओल्या ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तेथे निराळे जिवाणू वाढतात आणि ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी आम्ले, स्कॅटोल व हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. यांपैकी अमोनियाचा हिशेब शेतकऱ्याने जरूर ठेवावा. तो म्हणजे हवेत उडून चाललेला नत्र होय. तोच नत्र पुढे खताच्या गोणीतून विकत आणावा लागतो.

ढिगात तुराट्यांचे बारीक तुकडे, सोयाबीनचे भुसकट किंवा वाळला पाला मिसळला, तर हवा खेळती राहते आणि जिवाणूंना कर्ब मिळतो. कर्ब व नत्राचे प्रमाण साधारणपणे ३० ला १, तर ओलावा ५० ते ६० टक्के असावा. अशा ढिगात हवेवर जगणारे जिवाणू अमोनियातील नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर हे जिवाणू उरलेल्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी हेच तत्त्व विटांच्या हौदात बसविले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा ‘नाडेप’ हौदाच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेली असतात. त्यात साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते आणि शेणही थोडेच लागते.

गोबरगॅस संयंत्राची रीत नेमकी उलट आहे. तेथे हवा पूर्ण बंद असते. एका गटातील जिवाणूंनी तयार केलेली दुर्गंधीयुक्त आम्ले दुसऱ्या गटातील सूक्ष्मजीव पचवितात आणि त्यांचा मिथेन होतो. म्हणूनच बाहेर पडणाऱ्या मळीला ताज्या शेणकाल्याइतकाही वास येत नाही. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू मिळविण्यात आला होता.

मात्र वास कमी झाला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की नाकाची संवेदनाच बधिर होते. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील वाकडी येथे एप्रिल २०२४ मध्ये शेणकाला साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचविण्यासाठी एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जण दगावले. शेणाच्या बंद खड्ड्यात कोणी पडल्यास श्वसनयंत्रणा असलेल्या पथकाखेरीज दुसऱ्या कोणीही आत उतरू नये.

बाजारात मिळणाऱ्या जिवाणू-संवर्धकांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. एक टन कचऱ्याला एक किलो कंपोस्ट संवर्धक शेणकाल्यात कालवून थराथरांत टाकण्याची शिफारस केली जाते. त्याने कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. पण चिखल झालेल्या उकिरड्यावर बाटलीभर द्रावण शिंपडणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेणात जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो. उणीव असते ती हवेची आणि कोरड्या काडीकचऱ्याची. त्यामुळे गोठ्यातील मूत्र मुरण्यासाठी भुसकटाचा थर अंथरणे, ढिगाभोवती चर खणणे आणि वर पाचटाचे आच्छादन घालणे ही बिनखर्ची कामे आधी करावीत. संवर्धकाचा विचार त्यानंतर.