दोन मुक्काम आणि पिशव्यांचा पहारा



यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमचं अख्खं कुटुंब एकत्र फिरायला निघणार आहे. माणसं अकरा, दिवस सहा. सर्वांत लहान नात पाच वर्षांची आणि सर्वांत मोठी माझी थोरली बहीण, अक्का, अठ्ठ्याहत्तरची. मुलांना थीम पार्क हवा होता. बऱ्याच चर्चेनंतर मुक्काम दोन ठरले : शिर्डी आणि खोपोली. वाद राहिला तो वाटणीचा. पुण्याचा थोरला म्हणतो, सगळे दिवस खोपोलीला द्या, शिर्डी जाता जाता होईल. सौ.चं म्हणणं बरोबर उलट. आणि अक्काचं म्हणणं असं, की "मले काय कराचं हाये तिथं? तुमी हिंडा, मी पिशव्यापाशी बसतो."

प्रत्येक घरातल्या सहलीत असं एक माणूस असतंच. सगळे पाळण्यात, आणि एक जण पिशव्यांच्या पहाऱ्यावर. बहुधा आजी, नाहीतर आई. आमची वयं पाहता अकरा जणांनी एकत्र निघण्याचे योग आता बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातला एक अक्काने पिशव्यांपाशी घालवावा, हे मला पटेना. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे अडलं की मी आधी मूळ शोधायला लागतो. ही थीम पार्क मुळात कुणासाठी निघाली? आणि त्यात म्हाताऱ्या माणसाची जागा कुठली?

आपल्याकडे याचा पूर्वज म्हणजे जत्रा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीची यात्रा भरते, देऊळगाव राजाला बालाजीची भरते. जत्रेला फाटक नसतं की शिरायचं तिकीट नसतं. म्हाताऱ्यांना दर्शन, बायकांना बांगड्या, पोरांना पाळणा आणि रेवड्या. एकाच मैदानात ज्याचं त्याला मिळतं. जत्रेत हरवलेली माणसं मी पाहिली आहेत, पण कंटाळलेली फारशी पाहिली नाहीत.

जत्रेतला आपला आकाशपाळणा ज्याचा वंशज, ते अवाढव्य चक्र १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभं राहिलं. जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने ते बांधलं. उंची २६४ फूट, डबे ३६, आणि एकेका डब्यात ६० माणसं! म्हणजे एका वेळी २१६० माणसं हवेत. शिकागो आणि १८९३ म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. ११ सप्टेंबरला त्यांनी जिथे भाषण केलं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे धर्माचा विचार आणि दुसरीकडे पाळणा. आपल्या जत्रेचंच मोठं रूप म्हणा ना.

त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर इलायस डिस्ने नावाचा एक सुतार काम करत होता. त्याचा मुलगा वॉल्ट पुढे १९०१ मध्ये जन्मला. मिकी माउसमुळे तो जगभर पोचला, पण आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. सुट्टीच्या दिवशी वॉल्ट आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसत आणि हा बापडा बाकावर बसून शेंगदाणे खात वाट पाही. आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी, हा विचार तिथे सुचला, असं तो स्वतः सांगत असे. मंडळी, मला इथेच माझा दुवा सापडला. थीम पार्कचा जन्म बाकावर ताटकळणाऱ्या माणसाच्या कंटाळ्यातून झाला आहे!

त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन, खर्च १ कोटी ७० लाख डॉलर, आणि बांधकाम जेमतेम वर्षभरात. पहिल्या दिवशी फजितीच झाली. कडक ऊन, ओलं डांबर, आणि नळकारागिरांचा संप झाल्यामुळे एक तर पिण्याच्या पाण्याचे नळ वेळेत होणार, नाहीतर शौचालयं. वॉल्टने शौचालयं निवडली. अकरा माणसांची सहल आखणाऱ्या कुणालाही हा निर्णय पटावा.

दुसरी परंपरा त्याहून जुनी आहे. १९१५ मध्ये कार्ल लेमली याने लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल सिटी हा चित्रपटांचा कारखाना उघडला आणि २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहायला बसवायला सुरुवात केली. तेव्हा मूकपट होते, त्यामुळे प्रेक्षक ओरडले तरी बिघडत नसे. बोलपट आले आणि ही गंमत बंद पडली. १९६४ मध्ये युनिव्हर्सलने गाडीत बसवून स्टुडिओ दाखवण्याची सफर नव्याने सुरू केली आणि तिचाच पुढे पार्क झाला.

म्हणजे एक पार्क कल्पनेच्या गोष्टीतून निघाला आणि दुसरा सिनेमाच्या कारखान्यातून. हे दोघे शेजारी झाले फ्लोरिडात. डिस्ने कंपनीने तिथे २७ हजार एकरांहून जास्त जमीन वेगवेगळ्या नावांनी, गाजावाजा न करता विकत घेतली. पार्क उभा राहायच्या आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, वॉल्ट वारला. थोरला भाऊ रॉय तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, धाकट्याचं काम तडीस नेलं आणि जागेच्या नावात धाकट्याचं पूर्ण नाव घातलं : वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ ला ते उघडलं आणि त्याच डिसेंबरात रॉयही गेला. असा भाऊ कुणालाही मिळावा. पुढे १९९० मध्ये युनिव्हर्सल तिथे आलं, १९९९ मध्ये त्यांनी दुसरा पार्क आणि राहायची हॉटेलंही काढली. मग येणाऱ्या कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला, की इकडे किती दिवस आणि तिकडे किती? आमचा अमेरिकेतला पुतण्या सांगतो, तिकडच्या मराठी घरांत आईवडील भारतातून आले की ऑरलँडोच्या सहलीत हाच वाद रंगतो. २०२५ मध्ये युनिव्हर्सलचा आणखी एक पार्क उघडला, म्हणजे वाद वाढणारच.

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झालं आणि २००८ मध्ये बंद झालं. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आलं. टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीमुळे घाटाखालच्या आमच्या खेड्यातल्या पोरांनाही ते नाव पाठ होतं. तेही आता बंद आहे. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं ते मनमोहन शेट्टी यांनी. त्यांची अ‍ॅडलॅब्स मुळात चित्रपटांच्या फिती धुणारी प्रयोगशाळा, १९७८ सालची. म्हणजे हे युनिव्हर्सलच्या गोत्रातलं! 'मिस्टर इंडिया' या चित्रपटावर तिथे खेळ आहे. राजासॉरस या डायनोसॉरच्या नावाचीही एक सफर आहे, आणि हा प्राणी काल्पनिक नाही बरं का. गुजरातेत सापडलेल्या त्याच्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं. नातवाला मी तो धडा आधीच देऊन ठेवला आहे.

शिर्डीचं साईतीर्थ हे दुसऱ्या गोत्रातलं, भक्तीच्या गोष्टीवर उभारलेलं. देवळांच्या प्रतिकृतींमधून बसल्या जागी फिरवून आणणारी सफर आणि पडद्यावरचं लंकादहन ही तिथली आकर्षणं. लंकादहन म्हटलं की इतिहासाच्या मास्तरला दादासाहेब फाळके आठवणारच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१७ मध्ये 'लंकादहन' हा मूकपट काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या! शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच महाराष्ट्रात सिनेमा आणि भक्ती एकाच पडद्यावर नांदत होती. मग शिर्डी आणि खोपोली वेगवेगळ्या कशा म्हणायच्या? एकाच घरातल्या दोन बहिणी त्या. व्यवहारातही तसंच झालं आहे. साईतीर्थ संगमनेरच्या मालपाणी समूहाचं, आणि २०२२ मध्ये इमॅजिकाची मालकीही त्यांच्याकडे आली. मालपाणी म्हणजे कोण हे न कळणाऱ्यांना 'गाय छाप' एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्याकडचे शेतकरी चटकन ओळखतील.

कुणी विचारेल, गुरुजी, तुमच्या जिल्ह्यात शेगावचं आनंदसागर आहे ना? आहे की. गजानन महाराज संस्थानाने शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात, पाण्याची टंचाई असलेल्या गावात, तळं आणि झाडी उभी केली, हे मला कुठल्याही परदेशी पार्कइतकंच मोठं वाटतं. मधली काही वर्षं ते बंद होतं. पण शेगाव आम्हाला घरासारखं. त्यासाठी सुट्टी लागत नाही, एकादशी पुरते.

तर हा सगळा इतिहास समोर ठेवून मी घरच्यांना वाटणी सुचवली आणि ती मान्य झाली. पहिला दिवस प्रवासाचा, जालन्याहून समृद्धी महामार्गाने शिर्डी. दुसरा दिवस पूर्ण शिर्डीत : सकाळी समाधीचं दर्शन (पास आधीच काढून), मग साईतीर्थ. तिथलं बरंचसं बसून पाहायचं आहे, म्हणून सगळे अकरा जण बरोबर राहतील. शेजारी पाण्याचा पार्क आहे, पण तो गाळला, कारण पाण्यात खेळायची सोय खोपोलीलाही आहे. तिसरा दिवस संगमनेर आणि पुणे मार्गे खोपोली. चौथा दिवस इमॅजिका, पाचव्या दिवशी मुलांना पाणी आणि आम्हा म्हाताऱ्यांना विश्रांती. सहाव्या दिवशी परत. भाऊबीज झाल्यावर निघायचं आणि खोपोलीचे दिवस शनिवार-रविवारी येऊ द्यायचे नाहीत, म्हणजे गर्दी जरा कमी.

त्यात तीन नियम माझे. पहिला : सामान भाड्याच्या लॉकरमध्ये जाईल, पहाऱ्यावर कुणी बसणार नाही. लॉकरचे पैसे मी देईन. दुसरा : प्रत्येक मुक्कामाला निदान एक खेळ असा, ज्यात अकराही जण बसतील. इमॅजिकात खुर्चीत बसवून भारतदर्शन घडवणारा खेळ त्यासाठी हेरून ठेवला आहे. तिसरा : अक्का आणि धाकटी नात यांची जोडी. मोठ्या झोक्यांवर उंची मोजून सोडतात, त्यामुळे एकीला वयामुळे जमायचं नाही आणि दुसरीला उंचीमुळे. दोघींच्या वेळापत्रकात दुपारची झोपही सारखीच आहे!

राहता राहिलं रोहिणखेड. इथे घाटाच्या पायथ्याशी दोन लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नसीरखानाला इथे हरवलं आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. पुढे १५९०-९१ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाशी इथेच लढाई केली. गादीवर बसवलेला मुलगा होता याच बुऱ्हाणचा, इस्माईल. बापलेकाचं भांडण म्हणा हवं तर. जमालखान पडला. १५८२ मध्ये खुदावंतखान महदवीने बांधलेली मशीद आजही गावात उभी आहे. लहान पण देखणी. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलांना तिथे नेणार आहे. तिथे तिकीट नाही, रांग नाही, उंची मोजायची काठी नाही. गोष्ट मात्र पुरेपूर खरी आहे आणि सांगायला मी आहे, अजून काही वर्षं.

तुमच्यापैकी कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन खोपोलीला जाऊन आलं असेल, तर तिथे चालणं किती पडतं ते जरूर कळवा. लंगडणारे गुडघे इकडे एकूण चार आहेत.