शाकारणीपासून पांढऱ्या पत्र्यापर्यंत

मुंबईच्या घराघरांत पंखे फिरू लागले, त्यात कर्जतजवळच्या भिवपुरीचा मोठा वाटा आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरवून टाटांनी इथे वीजघर उभारले. ते १९२२ साली सुरू झाले. शेजारच्या खोपोलीचे वीजघर १९१५ पासूनच चालू होते. भिवपुरीच्या जनित्रांतून सुटलेले पाणी पेज नदीला मिळते, म्हणून पेज भर उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाला कालव्यावर उन्हाळी भात पिकतो. वीज मात्र तारांवरून मुंबईला गेली. पायथ्याच्या गावांनी आपला उन्हाळा पुढेही कित्येक वर्षे छपराच्या भरवशावर काढला.

त्या छपराची परीक्षा दुहेरी असे. कर्जत-खालापूरचा मुलूख समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनपासून धो धो पाऊस. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि डोक्यावर पेंढा किंवा गवत, अशी घरे असत. पेंढ्याच्या जाड थरात हवा अडकून राहते, त्यामुळे वर ऊन रणरणत असले तरी खाली झळ पोचत नाही. पण पेंढा पावसात कुजतो, आगीलाही लवकर बळी पडतो.

म्हणून दरवर्षी पावसाआधी शाकारणी. कुजका पेंढा ओढून काढायचा, वासे ठोकून पाहायचे, किडलेला असेल तो बदलायचा. मग वळचणीपासून सुरुवात करून एकावर एक थर चढवत आढ्यापर्यंत जायचे, म्हणजे वरच्या थराचे पाणी खालच्याच्या पाठीवरून निथळते. कौलारू घरही यातून सुटत नसे. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा लावायची. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हेच. भावकी, शेजारपाजार सगळे हाताला हात लावत.

गावठी नळीची कौले कुंभार चाकावरच घडवी. मातीची नळी ओढायची, ती उभी चिरायची, की दोन कौले तयार. पुढे बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातली, खाचेत खाच बसणारी चपटी कौले कोकणभर पसरली. या दोन्ही कौलांचा एक गुण फार मोलाचा: त्यांच्या फटींतून आढ्याखालची तापलेली हवा बाहेर पडते. खाली लाकडी माळा असला तर घर आणखी गार.

मग पत्रा आला. पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याची रीत फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये आणली. आपल्याकडे तो टिकला, कारण त्याने शाकारणीच संपवली. माकडे कौले फोडतात, पत्रा फोडत नाहीत. तो वजनाला हलका, म्हणून लाकूड कमी लागते. शाकारणीला माणसे मिळेनाशी झाल्यावर कुणी पत्रा घातला, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

उन्हाचा हिशोब मात्र चुकला. नवा पत्रा चकाकतो, बरेचसे ऊन परतवतोही. पण जे ऊन तो शोषतो, त्याची उष्णता आकाशाकडे सोडून देण्यात उघडे जस्त फार कमी पडते. त्यामुळे पत्रा तापतच जातो, आणि गंजला की परतवण्याचीही ताकद घटते. पांढरा रंग ही दोन्ही कामे करतो: ताजा असताना सुमारे ८० टक्के ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही चटकन सोडतो.

चुना आपल्याला नवा नाही. दिवाळीला भिंतींना नीळ घातलेल्या चुन्याची सफेदी घराघरांत होई. छपराला ती कधी झाली नाही, कारण उतरत्या छपरावरचा चुना इथल्या पहिल्या मोठ्या पावसातच धुऊन जाईल. गुजरात-राजस्थानच्या सपाट गच्च्यांवर तो टिकतो. अहमदाबादने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचे धोरणच केले.

तिथली रीत इथे जशीच्या तशी चालणार नाही. इथे पावसाला तोंड देणारा, पत्र्याला धरून राहणारा रंग हवा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, धूळ बसते, म्हणून दरवर्षी धुणेही आले. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. रंगाआधी तो कोरडा घासू नये, तंतू हवेत उडतात.

पूर्वीची शाकारणी वैशाखात होई, कारण धास्ती पावसाची होती. आता उन्हाचीही आहे, तेव्हा छपरासाठी आणखी एक दिवस शिमग्याच्या आधी काढायला हवा. नेरळ-भिवपुरी-कर्जत पट्ट्यात नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या गच्च्या आणि त्यांवरच्या पत्र्याच्या शेडी पहिल्यापासूनच पांढऱ्या कराव्यात. आणि ज्यांच्या घरावर अजून कौले शाबूत आहेत, त्यांनी ती उतरवण्याची घाई करू नये.