टाकीवरची चंद्रकोर

संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या जुन्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. पूर्वी तिथे शेखांचा मुक्काम असे, नंतर काही वर्षं पोलीस ठाणंही होतं. बाहेर पडलं की पांढऱ्या कंदुऱ्यातली माणसं भेटतात. डोक्यावर गुत्रा आणि त्यावर काळा इगाल. गोंड्याची तांबडी फेझ टोपी, जिला आपल्याकडे तुर्की टोपी म्हणत, ती मात्र या किनाऱ्यावर औषधालाही सापडायची नाही. आणि तरी जगातल्या सर्वांत अमेरिकन मोटारसायकलच्या एका खास आवृत्तीवर मिरवतं ते ‘अरबस्तान’च: वाकडी तलवार आणि तिला लटकलेली चंद्रकोर.

ही आवृत्ती हार्ले-डेव्हिडसनची. घेणारे श्राइनर नावाच्या बंधुमंडळाचे सभासद. अशाच आवृत्त्या कंपनीने पोलिसांसाठी आणि अग्निशमन दलाच्या जवानांसाठीही काढल्या. इंजिन, चासी, चाकं नेहमीच्याच गाडीची. वेगळा असतो तो रंग आणि टाकीवरचं पदक. एक अट मात्र कडक. आपण त्या दलाचे किंवा मंडळाचे आहोत, याचा पुरावा दाखवावा लागे. पैसे मोजून कुणालाही मिळेल अशी ही वस्तू नव्हती, आणि तिची खरी किंमत याच अटीत होती.

पोलिसांची शाखा यात सर्वांत जुनी. हार्ले-डेव्हिडसनची सुरुवात १९०३ ची आणि पाचच वर्षांत, १९०८ साली, डेट्रॉइटच्या पोलिसांनी तिची गाडी घेतली. ती खरोखर कामाची गाडी होती. पळणाऱ्या मोटारीमागे घोडा पुरा पडेना म्हणून घेतलेली. पुढे दिवसभर सरकारी गाडी चालवणाऱ्या शिपायाला सुट्टीच्या दिवशी स्वतःची तशीच गाडी हवीशी वाटली, तर त्यात नवल नाही. आमच्याकडे निवृत्त सुभेदार गावच्या लग्नाला बिल्ले लावून येतात, त्याच जातीची ही हौस.

श्राइनरांची गोष्ट मात्र निराळी, आणि मला तीच जास्त आवडते. १८७० च्या सुमारास फ्रीमेसन या बंधुमंडळाचे न्यूयॉर्कमधले काही सभासद एका खानावळीत जेवायला जमत. मेसनांचे विधी गंभीर, लांबलचक. जरा मौजमजा करणारी एक शाखा असावी, असं त्यांच्या मनात आलं. मंडळींत डॉक्टर वॉल्टर फ्लेमिंग होते आणि बिली फ्लॉरेन्स हा नट. फ्लॉरेन्स फ्रान्समधल्या मार्से शहरात एका अरब मुत्सद्द्याच्या मेजवानीला गेला होता आणि तिथला थाट डोक्यात घेऊन परतला, असं मंडळाची परंपरा सांगते. नाटकवाल्याच्या हाती कल्पना पडल्यावर व्हायचं तेच झालं. वेशभूषा आली, पदव्या आल्या, ‘अस्सलामु अलैकुम’ आलं. १८७२ साली निघालेल्या पहिल्या शाखेचं नाव ठेवलं मक्का. शाखेला शब्द ‘टेंपल’, म्हणजे मक्का नावाचं देऊळ! असली सांगड न्यूयॉर्कमध्येच जुळायची.

डोक्यावर फेझ चढली. मोरोक्कोतल्या फेस शहराच्या नावाची ही टोपी उस्मानी सुलतान दुसऱ्या महमूदने एकोणिसाव्या शतकात आपल्या सैन्यावर आणि अधिकाऱ्यांवर लादली होती. केमाल अतातुर्कने १९२५ साली तुर्कस्तानात तिच्यावर बंदी घातली. तुर्कांच्या डोक्यावरून टोपी उतरत होती, त्या सुमारास अमेरिकेतले किराणा दुकानदार आणि विमा एजंट ती घालून मिरवणुका काढत होते. पण नुसत्या मिरवणुकांवर थांबले नाहीत. १९२२ साली श्रीव्हपोर्टला त्यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी पहिलं रुग्णालय उघडलं; आज श्राइनरांची ओळख टोपीपेक्षा त्या रुग्णालयांनीच आहे. मिरवणुकीत त्यांची मोटारसायकल पथकं इंग्रजी आठचे आकडे काढत गाड्या फिरवतात. अशा मंडळाला स्वतःची गाडी मिळणं ओघानेच आलं.

महाराष्ट्रात या गाडीचा भाऊबंद शोधायचा तर शोरूममध्ये जाऊ नये, रेडियमवाल्याकडे जावं. ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘आर्मी’ ही आमची स्पेशल एडिशन तिथे दहा मिनिटांत तयार होते आणि ओळखपत्र कुणी मागत नाही. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काही लिहायला कायद्याने बंदी आहे, म्हणून मजकूर वर काचेवर सरकतो. गाडी भाच्याची, नोकरी मामाची.

कारखान्यातून निघालेलं जवळचं उदाहरण पुण्याच्या बजाजचं. विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी दारूखान्यात भंगारात निघाली. तिचं पोलाद विकत घेऊन, वितळवून बजाजने व्ही १५ या गाडीच्या टाकीसाठी वापरलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत गाडी लोकांसमोर आणली. कंपनीने ती नौदलापुरती ठेवली नाही. दूधवाला, शिक्षक, कॉलेजचा पोरगा, ज्याने पैसे भरले त्याच्या मांडीखाली विक्रांतचा कण आला. श्राइनरच्या टाकीवर ऐकीव अरबस्तान आहे. हिच्या टाकीत जहाजाचं खरं लोखंड.

तारखांचा एक योगायोग इथे आठवतो. २ डिसेंबर १९७१ ला उम्म अल कुवैनसह सहा अमिरातींनी मिळून नवा देश उभा केला. दुसऱ्याच दिवशी भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं आणि ४ तारखेला विक्रांतवरची विमानं कॉक्स बाजारवर गेली.

हल्ली सुट्टीच्या दिवशी पहाटे दुबईकडून हार्लेंचे ताफे जेबेल जैसच्या घाटाकडे निघतात, ते उम्म अल कुवैन ओलांडूनच. त्यांत एखादा श्राइनर असला आणि तांबडी टोपी, चंद्रकोरीची टाकी अशा थाटात किल्ल्यासमोर थांबला, तर बंधुभावाने त्याला कोण ओळखेल? किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी बहुधा त्याला कैरोच्या एखाद्या हॉटेलातला वेटर समजेल.