तळटीप : ‘मूत्रपिंडाचा हिशेब’

‘मूत्रपिंडाचा हिशेब’ : लेखकाचा रोख अमेरिकेतल्या ‘ईजीएफआर’ या मोजमापाकडे आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडं किती काम करतात, याचा अंदाज त्यातून बांधतात. 1999 च्या सूत्रात आणि 2009 च्या सुधारित सूत्रातही रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेला आकडा वाढवून धरत. 2009 मध्ये हा गुणक 1.159 होता. कृष्णवर्णीयांच्या शरीरात स्नायू अधिक, म्हणून क्रिएटिनिनही अधिक, हे त्यामागचं गृहीतक तकलादू होतं. परिणाम मात्र जिवावर बेतणारा. डायलिसिस सुरू झालेलं नसेल, तर प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजला जाण्यासाठी हा आकडा 20 किंवा त्याखाली लागतो. समजा, एका गोऱ्या रुग्णाचा आकडा 18 आला. त्याची प्रतीक्षा सुरू झाली. तेच वय, तेच लिंग, तेवढंच क्रिएटिनिन असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा येई 20.9. त्याची प्रतीक्षा मोजलीच जात नसे. कुणा डॉक्टरच्या मनात द्वेष असण्याची गरजच नव्हती. प्रयोगशाळेच्या छापील अहवालातच भेद मुरलेला होता. आणि हे अशा समाजाच्या वाट्याला, जो लोकसंख्येत सुमारे 13 टक्के, पण मूत्रपिंड निकामी झालेल्यांत जवळपास एक तृतीयांश आहे. (या गुणकाविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थ्यांनी नेटाने आवाज उठवला, हे इथे नोंदवायलाच हवं.) 2021 मध्ये वंश वगळलेलं सूत्र आलं. जानेवारी 2023 पासून कृष्णवर्णीय रुग्णांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत मोजून देणं प्रत्यारोपण केंद्रांवर बंधनकारक झालं. त्याआधी दगावलेल्यांना या दुरुस्तीचा काहीही उपयोग झाला नाही. – संपादक