काळा आजार दूरीकरण: भारत, नेपाळ व बांगलादेश यांच्या सहकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना:
उत्तर बिहार, नेपाळची तराई आणि बांगलादेशातील मैमनसिंग परिसर हे राजकीयदृष्ट्या तीन देशांत विभागलेले असले तरी काळा आजाराच्या दृष्टीने ते एकाच रोगक्षेत्राचे भाग होत. उपचार न झाल्यास बहुतांशी प्राणघातक ठरणारा हा रोग प्रामुख्याने मातीच्या घरांत राहणाऱ्या गरिबांना ग्रासतो. त्याच्या दूरीकरणासाठी झालेल्या प्रादेशिक सहकार्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी:
इ. स. १९०३ मध्ये लीशमन व डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे या रोगाच्या परजीवीचे वर्णन केले. १९२० च्या दशकात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात शोधलेल्या युरिया स्टिबामाइनमुळे असंख्य रुग्ण वाचले. वाळूमाशी हीच रोगवाहक असल्याचे १९४२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. पुढे हिवतापविरोधी डीडीटी फवारणीमुळे हा रोगही ओसरला. परंतु फवारणी थांबताच तो परतला व १९७७ मध्ये बिहारात मोठी साथ आली.

सहकार्याचे स्वरूप:
मे २००५ मध्ये जिनिव्हा येथे तिन्ही देशांनी सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या. दर १०,००० लोकसंख्येमागे वार्षिक रुग्णसंख्या एकापेक्षा कमी करणे व हे लक्ष्य २०१५ पर्यंत गाठणे असे ठरले. या प्रदेशात माणूस हाच परजीवीचा ज्ञात आश्रयदाता आणि वाहक माशीची जातही एकच, हा या आशावादाचा शास्त्रीय पाया होता. आरके-३९ ही जलद चाचणी व मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यावयाचे औषध उपलब्ध झाल्याने धोरणास बळ मिळाले. फवारणी व मच्छरदाण्यांच्या परिणामकारकतेचा तिन्ही देशांत तौलनिक अभ्यास झाला. पुढे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा प्रमुख उपचार म्हणून स्वीकारली गेली.

फलित व मर्यादा:
मूळ मुदत पाळली गेली नाही. २०१४ मध्ये ढाका येथे भूतान व थायलंड यांच्या सहभागाने नवा करार होऊन २०१७ ही मुदत ठरली. अखेर २०२३ मध्ये बांगलादेश हा दूरीकरणाची अधिकृत मान्यता मिळविणारा जगातील पहिला देश ठरला.
तथापि, मोजमापाचे एकक भारतात तालुक्यासारखा प्रशासकीय गट, बांगलादेशात उपजिल्हा, तर नेपाळमध्ये जिल्हा असे भिन्न राहिले. एकक जेवढे मोठे, तेवढा एखाद्या गावातील उद्रेक सरासरीत झाकला जाण्याचा संभव अधिक. शिवाय उपचारांनंतर त्वचेवर चट्टे उमटलेले रुग्ण स्वतःला निरोगी समजतात. मात्र त्यांच्यापासून संसर्ग पसरू शकतो.

समारोप:
समान चाचणी, समान औषध व सामायिक संशोधन यांमुळे हे यश शक्य झाले. परंतु दूरीकरण म्हणजे समूळ उच्चाटन नव्हे. रुग्णसंख्या घटताच दक्षता सैल झाल्यास काय घडते, याची साक्ष १९७७ च्या साथीने दिली आहे. म्हणूनच या सहकार्याची खरी कसोटी रुग्ण विरळ झाल्यानंतरच्या काळात आहे.