त्वचा-संवेदक (विनाछेद)

सुई न टोचता किंवा त्वचेचा तुकडा न काढता त्वचेची स्थिती मोजणारी उपकरणे. त्वचेवाटे जाणारे पाणी, तिच्यातील ओलावा, आम्लता, रंग व लवचिकता यांची ती आकड्यांत नोंद घेतात.

जलक्षय : त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो. शरीरातील पाणी आत आणि जंतू व रसायने बाहेर राखतो तो मुख्यतः हाच. तो कितपत शाबूत आहे, हे घामाव्यतिरिक्त नकळत होणाऱ्या जलक्षयावरून कळते. त्यासाठीचे उघड्या नळीचे उपकरण स्वीडनमधील गर्ट निल्सन यांनी 1977 मध्ये वर्णिले. आखूड, पोकळ नळी त्वचेवर अलगद टेकवतात. नळीत दोन वेगळ्या उंचींवर आर्द्रता व तापमान मोजले जाते आणि त्यांतील फरकावरून फिकच्या विसरण नियमाने जलक्षय काढतात. निरोगी प्रौढाच्या कोपर व मनगट यांमधील त्वचेवर तो दर चौ. मीटरला ताशी साधारण 5 ते 10 ग्रॅम असतो. अटोपिक इसबात तो वाढतो, पुष्कळदा वरून निरोगी दिसणाऱ्या जागीही.

इतर मापने : पाण्याचा अपारविद्युत् स्थिरांक सुमारे 80, म्हणजे त्वचेतील इतर बहुतेक घटकांहून खूप जास्त असतो, म्हणून विद्युत् धारितेवरून ओलावा कळतो. सपाट काचेचे विद्युत् अग्र पीएच मूल्य दाखवते. ते निरोगी त्वचेवर सामान्यतः 4.5 ते 5.5च्या आसपास असते. अल्कधर्मी साबणाने ते काही काळ चढते. त्वचेला चिकटणारी पातळ, लवचिक इलेक्ट्रॉनिक पट्टी जॉन रॉजर्स व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडली. तिच्यामुळे दीर्घकाळ नोंदी घेण्याची वाट खुली झाली.

मर्यादा व महत्त्व : लाली मोजणारे संवेदक परावर्तित प्रकाशावर चालतात. सावळ्या त्वचेत मेलॅनीन बराच प्रकाश शोषते, त्यामुळे त्यांचा आकडा फसवा ठरू शकतो. डोळ्यांनाही तिथली लाली करडी किंवा तपकिरी दिसते आणि दाह कमी लेखला जातो. जलक्षयाचे मापन प्रकाशावर अवलंबून नसल्याने भारतीय रुग्णांसाठी ते विशेष मोलाचे आहे. मात्र मापनापूर्वी रुग्णाला सुमारे 20 ते 22 अंश सेल्सिअस तापमानाच्या, वारा नसलेल्या खोलीत 15 ते 30 मिनिटे बसवावे लागते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ही काळजी न घेतल्यास घामाचे पाणीच मोजले जाईल. एकाच जागी, त्याच परिस्थितीत पुन्हापुन्हा घेतलेल्या नोंदींवरून उपचाराचा गुण कळतो; निदान मात्र एका आकड्यावर ठरवू नये, ते त्वचारोगतज्ज्ञाच्या तपासणीनेच व्हावे.